बर्फावरचा १९३८ सालचा वेग विक्रम मानावा का?

मूळ मत (दारव्हा तालुका)
वाऱ्यावर चालणाऱ्या गाडीने बर्फावर वेगाचा विक्रम करायचा, तर मोडायचा आकडा कोणता हे आधी ठरले पाहिजे. अमेरिकेतील विनेबागो सरोवरावर १९३८ मध्ये जॉन बकस्टाफ यांनी शिडाची बर्फगाडी ताशी १४३ मैल, म्हणजे सुमारे २३० किलोमीटर वेगाने नेली, असे सांगितले जाते. माझ्या मते हा आकडा विक्रम म्हणून धरू नये. जमिनीवर २००९ मध्ये रिचर्ड जेन्किन्स यांच्या ‘ग्रीनबर्ड’ने ताशी २०२.९, तर डिसेंबर २०२२ मध्ये ग्लेन ॲशबी यांच्या ‘होरोनुकू’ने ऑस्ट्रेलियातील गेर्डनर या मिठाच्या कोरड्या सरोवरावर २२२.४ किलोमीटर गाठले. हे वेग उपकरणांनी नोंदवलेले आहेत. आपल्या शंकरपटात सेकंदाच्या शतांशावरून नंबर लागतो आणि घड्याळाविना पळालेल्या जोडीला, ती कितीही जोरात सुटली असली तरी, बक्षीस मिळत नाही.

प्रतिसाद (आर्वी)
गुरुजी, मला हे पटत नाही. वारा पडलेल्या दुपारीही मोटारसायकलवर तोंडावर वारा लागतो आणि बाजूने वाहता वारा असला, की तो तिरपा होऊन गालावर येतो. शीड हाच तिरपा वारा विमानाच्या पंखासारखा वापरते, म्हणून गाडी मूळ वाऱ्याच्या कित्येक पट पळते. तिला मागे ओढतात ते हवा आणि खालचे घर्षण. मिठाच्या थरावर चाकाला जोर लावावा लागतो, पोलादी पात्याला मात्र बर्फ जवळजवळ अडवतच नाही. मग जमिनीवर २२२ होत असताना बर्फावरचे २३० खोटे कसे म्हणावे? त्या काळी उपग्रहाची मोजणी नव्हती, हा त्या माणसाचा दोष नाही.

मूळ लेखकाचे उत्तर
भाऊ, मी खोटे म्हटलेले नाही. परंतु घर्षण गेले तरी हवेचा अडथळा राहतोच, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १९३८ मध्ये कापडी शीड आणि लाकडी सांगाडा होता. ‘ग्रीनबर्ड’ला ताठ पंख आणि कार्बन तंतूंचे अंग असूनही दोनशेच्या थोडेच पुढे जाता आले.

प्रतिसाद (पुसद)
जाड, हिमाचा थर नसलेला, मैलोन्‌मैल सपाट बर्फ आणि त्याच दिवशी जोराचा वारा, हा योग एखाद्या हिवाळ्यात जुळतच नाही. एवढ्या कष्टाने उतरणाऱ्या चमूने १४३ मैल हेच लक्ष्य ठेवावे. तो २२५ किलोमीटरवर थांबला, तर हा वाद पुढच्या पिढीकडे तसाच जाईल.