पडलेला गडगा: पुन्हा रचायचा की काढून तार मारायची?

आगरवाला
कोकणात दर पावसाळ्यात दोन परड्यांमधला (घराभोवतीच्या आवारांमधला) गडगा, म्हणजे चुना-सिमेंटाशिवाय रचलेली दगडी भिंत, कुठे ना कुठे ढासळतो आणि "तुमच्या बाजूने पडला, तुम्हीच बांधा" हे गणपतीपर्यंत चालू राहतं. माझं मत असं, की जांभ्याचा गडगा परत रचत बसू नये. सिमेंटचे खांब आणि काटेरी तार, खर्च निम्मा-निम्मा. १०० फुटांचा हिशेब देतो. ८ फुटांवर खांब धरला तर १४ खांब, शिवाय दोन टोकांच्या टेक्यांना २. खांब ७ फुटी, त्यातले २ फूट जमिनीत. खड्डा फूट बाय फूट. १:२:४ काँक्रीटला साधारण ५ पोती सिमेंट, १२ घनफूट वाळू, २३ घनफूट खडी. तारेच्या ५ ओळी म्हणजे १५२ मीटर, गाठी-पिळ्यांसाठी १७० घ्या. टोकाच्या खांबाला तिरका टेका हवाच. नाहीतर तार ताणली की खांब आत कलतो आणि सगळ्या ओळी लोंबायला लागतात. जागाही वाचते, गडग्याचा पायाच दोन फूट खातो.

चिरेबंदी
साफ असहमत. गडगा का पडला हे न बघता तो काढायला निघालात. शंभरातले बहुतेक गडगे वरच्या अंगाच्या पाण्याने पडतात. लाल माती वाहत येऊन चिऱ्यांच्या (जांभ्याच्या घडीव दगडांच्या) फटीत बसते, पाणी आरपार जायचं थांबतं, मागची माती फुगते आणि जमिनीपासून फूट-दीड फुटावर गडग्याला पोट सुटतं. ते पोट दिसलं की पुढच्या आगोटीत (पावसाच्या सुरुवातीला) तो बसलाच म्हणून समजा. त्याच जागी खांब रोवलात तर तेच पाणी खांबाच्या बुडाची माती धुऊन नेईल.

दुरुस्ती अशी करा. पडलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंचे तीन-तीन फूट आणखी उतरवा, कारण ते सैल झालेले असतातच. तळाची माती घट्ट मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत काढा. ४ फूट उंचीला बूड २ फूट, माथा सव्वा फूट, दोन्ही अंगांना आत ढाळ. खालचा सांधा वरच्या चिऱ्याने झाकला गेला पाहिजे. दर तीन-चार फुटांवर एक लांब दगड आडवा, या अंगापासून त्या अंगापर्यंत. पोटात चिपा भरा, माती मुळीच नको. माथ्यावर सगळ्यात जड चिरे. वरच्या अंगाला फूटभर खोल चर काढून पाणी बाजूला वळवा. आणि कृपा करून बाहेरून सिमेंटचा गिलावा करू नका. पाणी आत कोंडतं आणि पडताना वीस फुटांचा गडगा एकदम आडवा होतो.

हद्दखूण
दोघेही एक पायरी गाळताय. गडगा आहे तीच हद्द, हे कुणी ठरवलं? तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. लगतधारकाला नोटीस जाते, त्याच्यादेखत खुणा दाखवतात, मग 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात येते. तोवर पडलेला चिराही हलवू नका. जुनी वहिवाट सांगणारी वस्तू तीच आहे. फीत लावून फोटो काढून ठेवा. निम्म्या-निम्म्याच्या नादीही लागू नये असं माझं मत. आपल्या हद्दीत अर्धा फूट आत, आपल्या पैशाने बांधा. पुढे विचारणारा कुणी नाही.

मधलीमेर
मोजणीचं पटलं, पुढचं नाही. तुम्ही अर्धा फूट आत, शेजारीही अर्धा फूट आत, म्हणजे मध्ये फूटभराची बोळ. तिथे रान माजतं, झावळ्या कुजतात, साप वस्तीला येतो, आणि माणूस आत शिरून साफ करू शकत नाही. त्यापेक्षा एकच कुंपण हद्दीवर घाला आणि मुद्रांकावर लिहून ठेवा: 'क' प्रतीची नक्कल सोबत, कुंपण कसलं, खर्चाचा वाटा किती, दुरुस्तीला एकमेकांच्या परड्यात शिरायची मुभा. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. शेजाऱ्याकडे रोख नसेल तर अडून बसू नका. चिरे त्याचे, गडी तुमचे, हाही निम्मा वाटाच असतो. अर्धी भांडणं पैशाची नसतात, न विचारता काम सुरू केल्याची असतात. पहार मारण्याआधी त्याच्या ओटीवर जाऊन बसा.

आगरवाला
पाण्याचं म्हणणं मान्य. उतारावर गडगाच रचावा. पण सपाट परड्यात मी अजून तारेच्याच बाजूने आहे. गडगा नीट रचणारा गवंडी आता आठ-आठ दिवस मिळत नाही. खारं वारं असेल तिथे मात्र जाड जस्ताचीच तार घ्या. पातळ मुलामा आधी पिळ्याच्या जागी सुटतो आणि गंज तिथूनच चढतो.

गिरिपुष्प
खाडीकाठी लोखंड कशाला? गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडाचे मनगटाएवढे जाड, ५-६ फुटी खुंट दीड-दीड फुटावर लावा, दीड फूट जमिनीत. पहिला पाऊस होऊन माती भिजली की लगेच. आधी पहारीने भोक पाडा. ठोकून घातलात तर साल सोलते आणि खुंट कुजतो. पाला भातखाचराला उत्तम खत. आधाराला तार लावायची असेल तर ती खोडाभोवती गुंडाळू नका. खोड जाड झालं की ती आत रुतते.

चिरेबंदी
चालेल, पण गडग्यापासून तीन फूट लांब. मुळं फटीत शिरली की चिरे उचलतात. आणि नुसत्या खुंटांनी रानडुक्कर अडत नाही, तारेखालूनही ते माती उकरून येतं. बुडाला दोन थर चिरे हवेतच.

मधलीमेर
मग करारात आणखी एक ओळ घाला: छाटणी मेअखेर आणि ऑक्टोबरात, दोघांनी मिळून. पाला ज्याच्या परड्यात पडेल त्याचा.