सावळ्या त्वचेवर केमिकल पील: उन्हात काम करणाऱ्यांनी करावे का?

काजूबोंड (धागा सुरू करणारी)
गेल्या एप्रिलमध्ये, घरातल्या लग्नाच्या तीन आठवडे आधी, मी रत्नागिरीतल्या एका पार्लरमध्ये ग्लायकोलिक पील, म्हणजे आम्ल लावून त्वचेचा वरचा थर सोलून काढण्याचा उपचार, करून घेतले. आम्ल किती टक्के आहे हे मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. चौथ्या दिवशी सुटू लागलेली साल मी नखाने ओढली, त्यातच आंबे उतरवण्यासाठी बागेत जावे लागले, आणि लग्नाच्या फोटोंत माझ्या गालांवर मूळच्या वांगापेक्षाही गडद डाग दिसतात. आंब्याचा चीक उडून भाजले की जखम बरी होते, पण काळा डाग महिनोन्महिने राहतो, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. पीलनंतर घडते ते याहून वेगळे नाही, कारण सावळ्या त्वचेतील रंगपेशी दाह झाला की जास्त रंगद्रव्य तयार करतात. म्हणून ज्यांचा दिवस उन्हात जातो त्यांनी चेहऱ्यावर पील करूच नये, असे माझे मत आहे.

बंदरावरची
तुम्हाला झालेला त्रास खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. त्वचारोगतज्ज्ञ सावळ्या त्वचेवर पील करण्याआधी सहसा दोन ते चार आठवडे रंग कमी करणारे मलम आणि सनस्क्रीन लावायला सांगतात, मग कमी तीव्रतेपासून सुरुवात करतात आणि दोन बैठकांमध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवतात. यांतले तुमच्या बाबतीत काहीच झालेले दिसत नाही. आम्लांतही फरक असतो. ग्लायकोलिक आम्लाचा रेणू लहान असल्यामुळे ते त्वचेत भराभर शिरते आणि वेळेवर सोड्याच्या द्रावणाने निष्प्रभ करावे लागते, तर मँडेलिक आम्लाचा रेणू मोठा असल्याने ते सावकाश शिरते व दाह कमी करते. शिवाय वांग उन्हाने वाढतेच. जिला उपचाराची सर्वांत जास्त गरज आहे, त्या मासळी विकणाऱ्या बाईलाच ‘हे तुझ्यासाठी नाही’ म्हणून परत पाठवायचे का?

काजूबोंड
परत पाठवू नये, हे मान्य. पण ती सकाळी सातपासून जेट्टीवर बसते. दर दोन तासांनी सनस्क्रीन लावा हे सांगणे सोपे आहे. खवले लागलेल्या हातांनी ते लावणार कसे?

खाडीपलीकडचा
‘पावसाळ्यात ऊन नसते, तेव्हा करा’ असा सल्ला आमच्या दापोलीकडे सर्रास ऐकू येतो आणि तो फसवा आहे, कारण ढगांतून अतिनील किरण येतच राहतात आणि दमट हवेत घामाने सनस्क्रीन टिकत नाही. वांग असणाऱ्यांना दृश्य प्रकाशही बाधतो, म्हणून लोहाचे ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी ठरते. साल निघत असताना सौम्य फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढेच पुरे. लिंबू, हळद, स्क्रब, रेटिनॉल यांतले काहीही नको. मला सर्वांत जास्त भीती वाटते ती डाग पडल्यावर मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित ‘गोरेपणाच्या’ क्रीमची. २०१८ पासून बहुतेक स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते, तरीही ती शेजारणीच्या सांगण्यावरून लावली जातात, आणि मग पातळ झालेल्या त्वचेवर पुन्हा पील केले जाते.

बंदरावरची
या मुद्द्यावर दुमत नाही. खोलवर जाणारे फिनॉलचे पील तर सावळ्या त्वचेवर टाळतातच, कारण तिथे डाग काळा पडण्याऐवजी रंग कायमचा उडू शकतो.

काजूबोंड
मग ‘करूच नये’ हे शब्द मी मागे घेते, पण आंब्याच्या हंगामात, म्हणजे मार्च ते मे, करू नये हे कायम ठेवते. लग्नाची तारीख पाहून तर मुळीच करू नये.

बंदरावरची
मे महिन्यात मीही करणार नाही. माझ्या आईने डिसेंबरापासून डॉक्टरांकडून मँडेलिकच्या चार बैठका घेतल्या. त्या काळात बांगडा मासळीची पाटी वहिनीने सांभाळली, आई छपराखाली फक्त हिशेबाला बसली. वहिनी नसती तर त्या बैठका आम्ही पुढे ढकलल्या असत्या.