आप्पांचा ओसीटी: सूज वाढली की मशीन बदललं?

नमस्कार मंडळी, डोळ्यांचे डॉक्टर किंवा ऑप्टोमेट्रिस्ट कुणी असाल तर मदत हवी आहे.

आप्पांना (वडील, वय 71) वीस वर्षं शुगर आहे. उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध सूज आली होती. सांगलीत डोळ्यात तीन इंजेक्शनं झाली आणि ओसीटीवर (प्रकाशाने पडद्याच्या थरांचा आडवा छेद दाखवणारं स्कॅन) मधली जाडी 412 वरून 296 मायक्रॉनवर आली. आम्ही खूश! महिन्याभराने पुण्यात बहिणीकडे असताना तिथे दाखवलं, तर 318. लगेच चौथं घ्या म्हणाले. आप्पा म्हणतात, पेपर वाचता येतोय तेवढाच येतोय, मग पुन्हा सुई कशाला?

रात्री दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले तेव्हा कोपऱ्यातली नावं दिसली: सांगलीचं मशीन सिरस, पुण्याचं स्पेक्ट्रालिस. यानेच फरक पडतो का?

आणखी एक. डायची अँजिओग्राफीही (शिरेत रंग टोचून पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो) सुचवली आहे. मागच्या खेपेला त्यांना खुर्चीतच उलटी झाली, दिवसभर लघवी नारिंगी. बिनडायची होते म्हणतात, ती चालेल का?

प्रतिसाद – चष्मेबद्दूर

पडतो. पडद्याचा वरचा थर दोन्ही मशीन सारखाच धरतात, खालची रेघ वेगळी. स्पेक्ट्रालिस थोडं खाली, ब्रुक्स पटलापर्यंत (पडद्याच्या तळाखालचा पातळ थर) मोजतं. म्हणजे घराची उंची एकाने फरशीपासून मोजली, दुसऱ्याने जोत्यासकट. मधुमेहाने होणाऱ्या पडद्याच्या आजारावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या डीआरसीआर नेटवर्कने सूज ठरवायला पुरुषांसाठी सिरसवर 305 आणि स्पेक्ट्रालिसवर 320 अशी वेगळी मर्यादा धरली होती. तुमच्या 22 मायक्रॉनच्या फरकापैकी साधारण 15 तिथेच गेले. उरलेल्या सातावर मी तरी झोप उडवणार नाही. पण नुसत्या आकड्यावर इंजेक्शन टाळूही नका. आडव्या छेदाच्या चित्रात काळे पोकळ ठिपके, म्हणजे पाणी, आहेत का ते डॉक्टरांना दोन्ही चित्रं दाखवून विचारा. पुढचे स्कॅन एकाच मशीनवर करा.

बिनडायची म्हणजे ओसीटीए, ओसीटी मशीनवरच होणारी अँजिओग्राफी. एकाच जागेचे लागोपाठ स्कॅन घेऊन फक्त हलणारं, म्हणजे वाहणारं रक्त वेगळं काढतात. बारीक रक्तवाहिन्या कुठे बंद पडल्यात ते छान दिसतं, पण त्यांतून होणारी गळती दिसत नाही. ती डायमध्येच कळते. त्यामुळे नेमकं काय शोधायचंय ते आधी विचारा, आणि उलटीचं सांगायला विसरू नका.

धागाकर्ता

खूप आभार. पुण्याचं चित्र आहे, सांगलीचा नुसता आकड्यांचा कागद मिळाला होता. उद्या फोन करून रंगीत प्रिंट मागवतो.