मदत हवी आहे: कोलाम शोधलं की रांगोळी आणि तांदूळच येतो

नमस्कार मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडे पाचवी-सहावीला शिकवते. वर्गात कोलाम समाजाची चार मुलं आहेत. मागच्या आठवड्यात 'माझा समाज' असा तक्ता करायला सांगितला होता तर एका मुलीने भावाच्या मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत कोलाम टाकलं, जे फोटो आले त्यांच्या प्रिंट काढल्या आणि खळ लावून चिकटवून आणल्या. सगळे फोटो ठिपक्यांच्या रांगोळीचे, तमिळ बायका पहाटे दारात तांदळाच्या पिठाने काढतात ती, तिला कोलम म्हणतात. खाली छान वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'आमचे लोक दारात रांगोळी काढतात.' मी विचारलं, तुमच्या पोडावर, म्हणजे कोलाम वस्तीवर, काढतात का गं अशी? तर मान खाली घालून म्हणाली, नाही मॅडम, पण मोबाईलमध्ये आमच्या नावाने हेच होतं.

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. रात्री मी स्वतः शोधत बसले. मराठीत लिहिलं तर कोलाम आणि कोलम यांच्यात एका कान्याचा फरक दिसतो तरी, इंग्रजीत दोन्हीचं स्पेलिंग एकच, आणि मुलांच्या दाखल्यावरही तेच. रांगोळी झाली की तांदूळ, आपला वाडा कोलम, मग केरळातलं कोल्लम शहर, ते संपतंय तोवर मध्य प्रदेशातले कोल आदिवासी, आणि मला मिळालेल्या एका माहितीपत्रकात तर कोल आणि कोलाम एकच जमात धरून परिच्छेदच्या परिच्छेद लिहिलेत. मुलांनी हेच पाठ करायचं का?

तर मदत अशी हवी आहे. हे सगळे एकमेकांचे कोणी लागतात का? कोलामी भाषेबद्दल भरवशाचं कुठे वाचायला मिळेल? आणि शोधताना नेमकं काय टाकायचं म्हणजे रांगोळी बाजूला होईल?

प्रतिसाद १:
ताई, आधी तांदळाचं सांगतो कारण मी पालघरचा. वाडा कोलमला इकडे झिनी पण म्हणतात, बारीक दाणा असतो, 2021 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. ते भाताच्या वाणाचं नाव आहे, त्याचा तुमच्या मुलांच्या समाजाशी काही संबंध नाही.

प्रतिसाद २:
भाषेबद्दल लिहिते, थोडं लांबेल. कोलामी ही द्राविडी भाषा, म्हणजे तेलुगू-गोंडीच्या मोठ्या कुळातली, पण गोंडीची बोली नाही, तिची जवळची नाती नाईकी, पर्जी, गदबा या छोट्या भाषांशी. मध्य प्रदेशातले कोल वेगळे. गोंधळ जुना आहे, 19व्या शतकात इंग्रज लोक मुंडा भाषांना (हे द्राविडीहून वेगळंच कूळ) कोलेरियन म्हणायचे, त्यामुळे नावात कोल दिसलं की माणसं कोलामीलाही तिकडेच ढकलतात. तमिळमधल्या कोलमचा मूळ अर्थ रूप, सजावट असा आहे.

आता अजून एक गाठ सांगते, तुम्हाला पुढे लागेलच. नाईकी हे नावसुद्धा दोन ठिकाणी वापरलेलं आहे, एक चंद्रपूरकडची नाईकी आणि दुसरी आदिलाबादकडची, जी कोलामीच्या फार जवळची आहे. वाचताना जिल्हा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. गदबाचंही तसंच, ओडिशात स्वतःला गदबा म्हणवणाऱ्यांपैकी काहींची भाषा द्राविडी आणि काहींची मुंडा.

वाचायला सेतुमाधवराव पगडींचं कोलामीचं व्याकरण आहे, मराठी इतिहासकार ते हेच, हैदराबाद संस्थानात अधिकारी असताना ही भाषा शिकले. दुसरं भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांचं 1955 चं पुस्तक, त्यात वर्धेकडची कोलामी आहे. शोधताना नुसतं कोलाम टाकू नका, 'कोलामी भाषा' किंवा 'कोलाम आदिम जमात यवतमाळ' असं टाका. राज्यात आदिम जमाती तीनच, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड, त्यामुळे ही जोड दिली की रांगोळी गळून पडते. आणि सरकारी यादीत कोलामसोबत मन्नेरवारलू असं नाव दिसेल, तेलंगणाकडे कोलामांना तसं म्हणतात, ते बघून परत गोंधळू नका.

प्रतिसाद ३:
सगळं बरोबर, पण मॅडम, पोडावर आजी आहेत ना? आधी त्यांना विचारा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार. काल चौघांनाही सांगितलं की घरी जाऊन आजीकडून दहा शब्द लिहून आणा. आज ती मुलगी घेऊन आली. पाणी म्हणजे ईर. घर म्हणजे एल्ला. आमचे तेलुगू येणारे शिपाईकाका बाजूलाच उभे होते, ते म्हणाले अरे आमच्यात नीरु आणि इल्लु, तर ती इतकी खुश झाली की बाकीचे आठ शब्द घाईघाईत वाचून टाकले आणि काकांना प्रत्येकाचं विचारत सुटली.

रांगोळीचे फोटो तिने स्वतःच ओले करून काढले, खळीने कागद जागोजाग फाटलाय, त्या भोकांवर बांबूच्या टोपल्या काढून चिकटवल्या कारण तिचे आजोबा टोपल्या विणतात. नवा तक्ता देते म्हटलं तर नको म्हणाली.

पगडींच्या व्याकरणाची प्रत विदर्भात कुठल्या ग्रंथालयात बघायला मिळेल हे कोणाला माहीत असेल तर इथेच लिहा प्लीज, सुट्टीत जाऊन येईन.