गांजा कायदेशीर केला तर तस्करी खरंच थांबेल का?

सातपुडा_पायथा
नमस्कार मंडळी. मी शिरपूर तालुक्यातला, घरी कापूस आणि तूर. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला गांजाची शेती पकडल्याची बातमी आता नेहमीची झालीये. पोलीस येतात, कापसात नाहीतर तुरीत लपवलेली झाडं उपटतात, पेपरात फोटो येतो. जमीन बऱ्याचदा वनखात्याची, म्हणजे सातबाऱ्यावर कुणाचंच नाव नाही, मग जो त्या वेळी राखण करत होता किंवा पाणी भरत होता तोच आत जातो. पैसा लावणारा कोण आणि माल उचलणारा कोण हे गावात कुजबुजत सगळे बोलतात पण पंचनाम्यात ते नाव कधी येत नाही.

आता विचारायचं कारण म्हणजे ओळखीतला एक पोरगा, पिकअपवर ड्रायव्हर, भाडं मिळालं म्हणून दुसऱ्याची गाडी आणायला गेला आणि गाडीच्या चोरकप्प्यात 35 किलो गांजा निघाला. तो म्हणतो मला माहीत नव्हतं. घरी आई आणि लहान बहीण, दोघी शेतमजुरी करतात. जामीन काही केल्या होत नाही. ज्याने गाडी पाठवली तो मोकळा फिरतोय.

माझं मत सांगतो, हे सगळं सरकारने परवाना देऊन खुलं करावं, शेतकऱ्याला पीक मिळेल आणि असली पोरं तुरुंगात सडणार नाहीत. पण जिथे खुलं केलं तिथे तस्करी थांबली का? माहिती असलेल्यांनी सांगा.

वकील_नागपूरकर
भाऊ, आधी जामिनाचं सांगतो कारण ते तातडीचं आहे. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा 1985 चा, त्यात गांजासाठी 1 किलोपर्यंत अल्प प्रमाण आणि 20 किलोच्या वर व्यावसायिक प्रमाण. अल्प असेल तर एक वर्षापर्यंत शिक्षा किंवा दंड किंवा दोन्ही, मधल्या प्रमाणाला 10 वर्षांपर्यंत, आणि 20 किलोच्या वर गेलं की कमीत कमी 10 वर्षं, जास्तीत जास्त 20, वर लाखाचा दंड वेगळा. त्याच्यावर कलम 37 बसतं, म्हणजे आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि तो बाहेर येऊन पुन्हा असा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टी कोर्टाला पटल्याशिवाय जामीन देता येत नाही. चार्जशीटलासुद्धा 180 दिवसांची मुदत असते. आणि कलम 35 मुळे "मला माहीत नव्हतं" हे आरोपीनेच सिद्ध करायचं. ड्रायव्हर, क्लीनर, रेल्वेत बॅग घेऊन बसलेली बाई, हे सगळे इथेच अडकतात.

मी नागपुरात काम करतो, इथे जो माल सापडतो त्यातला खूपसा आंध्र-ओडिशा सीमेवरून येतो, मलकानगिरी, कोरापूट, विशाखापट्टणमचा डोंगराळ भाग. काही रायपूरमार्गे, काही हैदराबादवरून सोलापूरकडे, काही रेल्वेने. पुढे एक पायलट गाडी चालते, ती नाक्यावर पोलीस दिसले की मागच्याला फोन करते. पकडली जाते ती मागची. पायलट गाडीत बसलेल्याजवळ काहीच सापडत नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्ध पुरावा उभा करायचा तर फोनचे रेकॉर्ड, पैशाचे व्यवहार, टॉवर लोकेशन हे सगळं खणावं लागतं आणि एवढी मेहनत फार कमी तपासात दिसते. मला या कायद्यात सगळ्यात जास्त खटकतं ते हे, शिक्षा ठरते वजनावर, आणि वजन नेहमी गरिबाच्या खांद्यावर असतं.

शेतीच्या केसबद्दल एक. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, नुसती पानं आणि बिया शेंड्यांसोबत नसतील तर त्या धरत नाहीत. झाडं मुळापासून उपटून माती, खोड, पानं सगळं एकत्र तोललं तर वजन कुठल्या कुठे जातं. मुंबई हायकोर्टाने याच मुद्द्यावर काही आरोपींना जामीन दिलाय. पण लागवडीचं कलम वेगळं आहे, तिथे वजन कमी भरलं तरी 10 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

समुपदेशक_पुणे
दादा, त्या पोराच्या घरच्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण "खुलं करा" यावर मला बोलायचंय कारण मी व्यसनमुक्तीच्या कामात आहे आणि आमच्याकडे आता कॉलेजची मुलं गांजासाठी येतात, पूर्वी जास्त करून दारूवाले यायचे. मुलगा अभ्यास सोडतो, झोप जाते, संशय घ्यायला लागतो, काहींना कानात आवाज येतात, आईवडिलांना वाटतं करणी झाली आणि ते आधी देवर्षीकडे नेतात, आमच्यापर्यंत येईपर्यंत वर्ष गेलेलं असतं. सगळ्यांना असं होतं असं मी म्हणत नाहीये. पण कमी वयात सुरू केलं आणि रोज ओढलं तर धोका वाढतो.

केंद्र सरकारचा 2019 चा सर्व्हे आहे, एम्सने केलेला. त्यात भांग घेणारे साधारण 2.2 कोटी आणि गांजा-चरसवाले 1.3 कोटी, आणि यातल्या साधारण 72 लाख लोकांना मदतीची गरज आहे. त्याच सर्व्हेत दारूमुळे मदत लागणारे 5.7 कोटी. दारू कायदेशीर आहे, दुकान कोपऱ्यावर आहे, जाहिरात सोड्याच्या नावाने येते. गांजाच्या बाबतीत हेच व्हायला मला नकोय.

पण ओढणाऱ्याला तुरुंगात टाकायच्याही मी पूर्ण विरोधात आहे. आज कलम 27 खाली नुसतं सेवन केलं म्हणून सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्यात 64अ आहे, व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल तर थोड्या प्रमाणाच्या केसमध्ये खटल्यातून सूट मिळू शकते, पण हे पालकांना कुणी सांगतच नाही. पोर्तुगालने 2001 पासून स्वतःपुरतं बाळगणं गुन्ह्यातून काढलं, तिथे तो माणूस एका समितीपुढे जातो, गरज असेल तर उपचाराकडे. विकणं तिथेही गुन्हाच आहे. आपल्याकडे निदान एवढं तरी करा, दुकानं उघडायची घाई नको.

टोरंटोवरून_लिहितोय
इकडे कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 ला कायदेशीर झालं, सहा वर्षांपेक्षा जास्त झाली, त्यामुळे डोळ्यासमोरचं सांगतो. आमच्या ऑन्टारिओत वय 19, सोबत 30 ग्रॅमपर्यंत वाळलेला गांजा ठेवता येतो, घरात 4 झाडं. लायसन्सवाल्या दुकानात जायचं, वय बघतात, पाकिटावर टीएचसी (नशा आणणारा घटक) किती ते छापलेलं असतं. काळा बाजार खूप कमी झाला हे नक्की, पण संपला नाही कारण सरकारी मालावर टॅक्स आहे आणि सुरुवातीला तर दुकानंच कमी होती, लोक जुन्या माणसाकडेच जायचे. नंतर भाव उतरले तेव्हा लोक दुकानाकडे वळले. म्हणजे परवाना देऊन भागत नाही, भावात काळ्या बाजाराला हरवावं लागतं, आणि भाव पाडला की वापर वाढायची भीती, ही ओढाताण इकडे अजून चालू आहे.

पुण्याच्या ताई म्हणतात ते बरोबर आहे, गोळ्या-चॉकलेटच्या रूपातला माल आला आणि लहान मुलांनी चुकून खाऊन इमर्जन्सीत यायचं प्रमाण वाढलं. आणि एक, अमेरिकेच्या ज्या राज्यात गांजा कायदेशीर आहे तिथेही इकडून सीमा ओलांडून एक ग्रॅम नेता येत नाही.

वरोऱ्याचा_मास्तर
मी चंद्रपूर जिल्ह्यातला, आमच्याकडे 2015 ला दारूबंदी झाली आणि 2021 ला उठली, त्यामुळे बंदी आणि तस्करी दोन्ही आम्ही जवळून पाहिलंय. यवतमाळ आणि नागपूरकडून पेट्या यायच्या, भाव दुप्पट-तिप्पट, आणि आणणारी पोरं शाळा सोडलेली. माझ्या वर्गातली काही पोरं त्यात गेली, त्याचं मला आजही फार वाईट वाटतं. बंदी उठली तशी ती वाहतूक आटली. पिणं कमी झालं का, तर नाही. तस्करी थांबवणं आणि व्यसन कमी करणं या दोन वेगळ्या लढाया आहेत, आपण दोन्ही एकाच कायद्याने जिंकायला बघतो.

शेजारी उघडं आणि आपल्याकडे बंद असलं की काय होतं त्याचं ताजं उदाहरण थायलंड. त्यांनी जून 2022 मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, बँकॉकमध्ये गल्लीगल्लीत दुकानं आली. मग मुंबई विमानतळावर बँकॉकच्या विमानातून हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय पाण्यात वाढवलेला गांजा यायला लागला, बॅगेत खाऊच्या पाकिटांमधून, आणि आणणारे कोण तर फुकट ट्रिप आणि थोड्या पैशांसाठी तयार झालेली तरुण मुलं. 2025 मध्ये थायलंडने परत आवळलं, आता डॉक्टरची चिठ्ठी लागते. म्हणून एखाद्या राज्याने एकट्याने उघडून चालणार नाही, शेजारच्या राज्यातली पोरं वाहतुकीला लागतील.

जुनी_कागदपत्रं
एक भर घालतो. परवाना पद्धत आपल्याकडे नवीन नाही. 1893-94 मध्ये इंग्रज सरकारने भांग-गांजावर आयोग नेमला होता, 1193 साक्षी घेतल्या, आणि निष्कर्ष असा की बेताच्या सेवनाने फारसं नुकसान दिसत नाही, बंदी नको, कर लावा आणि लागवडीवर नियंत्रण ठेवा. तुमच्या खानदेशाला लागून असलेल्या निमाडात, खांडव्याकडे, तेव्हा सरकारी देखरेखीखाली गांजा पिकायचा. 1961 च्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदीची दिशा ठरवली, भारताने मुदत मागून घेतली आणि 1985 ला एनडीपीएस आणला. 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढायचं मतदान झालं, 27 विरुद्ध 25, त्यात भारताने काढण्याच्या बाजूने मत दिलं. तिथे हे मत आणि इथे 35 किलोवाल्या ड्रायव्हरला दहा वर्षं, हे मला पटत नाही.

सातपुडा_पायथा
सगळ्यांचे आभार. मास्तर आणि ताईंचं वाचून वाटतंय की ओढणाऱ्याची आणि मजुराची शिक्षा आधी कमी व्हावी, दुकानाचं नंतर बघू. पण पैसा लावणाऱ्याला धरल्याशिवाय यातलं काहीच खरं नाही. वकील साहेब, त्या पोराच्या आईकडे वकिलाचे पैसे नाहीत, काय करावं?

वकील_नागपूरकर
जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तसा अर्ज तुरुंगातूनही देता येतो. त्यांना सांगा की भाडं कुणी ठरवलं, कुणाचा फोन आला, गाडी कुणाच्या नावावर आहे, हे सगळं तारखेसकट लिहून वकिलाला द्या. आणि त्या दिवसाचे फोन रेकॉर्ड जपून ठेवण्यासाठी कोर्टात लवकर अर्ज करायला लावा, कंपन्या ते कायम ठेवत नाहीत. जप्तीनंतर नमुने मॅजिस्ट्रेटसमोर घेतले का तेही बघायला सांगा, कलम 52अ. मालकाचं नाव पुढे आणायचं असेल तर सुरुवात याच कागदांपासून होते.