संस्कृत ग्रंथ: जुन्या प्रतीचं स्कॅन की नवं पुनर्मुद्रण?

खाडीकाठ (राजापूर): सरळ मत मांडतो, मग झोडा. संस्कृत काव्य-नाटकांच्या नव्या पुनर्मुद्रणांवर पैसे घालू नका. 'काव्यमाला' या जुन्या संस्कृत ग्रंथमालेतला एक भाग मी टपालाने मागवला. जुन्याच पानांचे फोटो काढून छापलेला. तळाचे पाठभेद (वेगवेगळ्या पोथ्यांतले वेगळे शब्द) इतके पुसट, की अनुस्वार कुठला आणि डाग कुठला ते समजेना. वर प्रस्तावना गाळलेली! पाठ कोणत्या पोथ्यांवरून घेतला हे ज्या पानांत असतं, तीच नाहीत. १८८६ पासून पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब यांनी मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून ही माला काढली, तिचे मूळ भाग इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर फुकट आहेत. शोधताना नुसतं ग्रंथाचं नाव टाकू नका, रोमनमध्ये प्रत्येकाने ते वेगळं लिहिलेलं असतं. संपादकाचं आडनाव जोडा: परब, पणशीकर, काळे.

पागोळी (देवगड): फुकट ते पौष्टिक, असंच ना? या स्कॅनांत मधलीच दोन पानं गायब असतात आणि श्लोकावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा असतो. शिवाय संस्कृत म्हणजे मूळ एका पानावर, टीका दुसऱ्या, पाठभेद तळाला. मोबाइलवर हे वाचायचं म्हणजे बोटाने पान ओढत बसायचं. अन्वय लागेपर्यंत मूळ श्लोक वर निघून जातो. छापील प्रतच हवी. आणि सगळी पुनर्मुद्रणं एका मापाने मोजू नका, आनंदाश्रम संस्थेचे संस्कृत ग्रंथ आजही पुण्याहून मागवता येतात.

खाडीकाठ: छापील प्रत आषाढात ठेवणार कुठे? आमच्या माळ्यावरच्या पोथ्यांचं कसरीने जाळं केलंय. नव्या कागदाला तर श्रावणाच्या आतच बुरशी.

पागोळी: आणि तुमच्या राजापुरात पावसात वीज जात नाही वाटतं!

वशिष्ठीकर (चिपळूण): तुम्ही दोघं कागद की पडदा यावर भांडताय. कुठली आवृत्ती, हे कोणीच विचारत नाही. आमच्याकडे एक कीर्तनकारबुवा गणेशोत्सवासाठी महाभारतातले, व्यास सांगतात आणि गणपती लिहितो ते श्लोक शोधत होते. कोणीतरी त्यांच्या हाती भांडारकर संस्थेच्या आदिपर्वाची प्रत दिली. मुख्य पाठात ती कथाच नाही, संपादकांनी प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घातलेली, ठरवून ती परिशिष्टात टाकलीय. बुवा हवालदिल! त्यांना हवी होती चित्रशाळा छापखान्याची नीलकंठी, म्हणजे नीलकंठाच्या टीकेसह परंपरेचा पाठ देणारी प्रत. भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती (पोथ्या ताडून ठरवलेला पाठ) १९१९ ते १९६६ असं काम करून सिद्ध झाली, अभ्यासाला तिच्याशिवाय गत्यंतर नाही. पण कीर्तनाला आणि पारायणाला परंपरेचाच पाठ लागतो. आधी काम ठरवा, मग आवृत्ती, मग कागद की स्कॅन ते.

खाडीकाठ: मान्य. पण मग बुवांनी आवृत्ती नेटवरच पारखून घ्यावी ना! मुखपृष्ठ आणि प्रस्तावना चाळायला पैसे पडत नाहीत.

पागोळी: अर्ध्या स्कॅनांना मुखपृष्ठच नसतं, तिथे काय पारखणार?

शेवरीचा कापूस (दापोली): फुकटवाल्यांना एक आठवण. संस्कृत पंडित पां. वा. काणे आपल्याच मुलखातले, जन्म १८८०चा. त्यांनी संपादलेलं बाणभट्टाचं 'हर्षचरित' किंवा भवभूतीचं 'उत्तररामचरित' घ्याल तर टिपा त्यांच्या आहेत. ते १९७२ मध्ये गेले, म्हणजे कायद्याने प्रताधिकार (कॉपीराइट) २०३२ अखेरपर्यंत. मूळ बाणभट्ट कोणाच्या मालकीचा नाही, काण्यांच्या टिपांवर मात्र हक्क आहे. परबांच्या जुन्या प्रतींना ही अडचण नाही.

वशिष्ठीकर: म्हणजे आर्काइव्हवर चढवलंय म्हणून मोकळं, असं नाही.

खाडीकाठ: काण्यांचं विकत घेईन, कबूल. पण ते पुसट पुनर्मुद्रण? नाही.

पागोळी: रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८चं आहे. विकत घेण्याआधी तिथली यादी बघा.