टोपोग्राफी नॉर्मल म्हणजे सुटलो असं नाही

"टोपोग्राफी (कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा नकाशा) नॉर्मल आली म्हणजे केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा फुगण्याचा आजार) नाही, लॅसिक (चष्मा घालवायचं लेसर ऑपरेशन) बिनधास्त करा" असं बरेचदा म्हणतात, ते अर्धंच बरोबर आहे. गोल रिंगांची जुनी टोपोग्राफी फक्त कॉर्नियाचा पुढचा पृष्ठभाग बघते, आणि सुरुवातीला बऱ्याचदा मागची बाजू आधी फुगते, वर पुढचं एपिथेलियम (कॉर्नियाचा सगळ्यात वरचा थर) उंचवट्यावर पातळ होऊन तो झाकून टाकतं, त्यामुळे पुढून सगळं छान दिसतं. पेंटाकॅम हा नवा स्कॅनर मागची बाजू आणि जाडी दोन्ही देतो. पण तोही शेवटी आकारच सांगतो, कॉर्निया किती मऊ पडलाय ते नाही. त्यासाठी कॉर्विस, हवेचा एक फुस्स झोत मारून कॉर्निया आत कसा दबतो आणि परत कसा येतो ते सेकंदाला ४३०० च्या वर फ्रेम घेऊन टिपतो. दोन्ही मशीनचे आकडे एकत्र करून टीबीआय हा एकच आकडा काढतात, ० ते १ मध्ये, जितका १ च्या जवळ तितका केराटोकोनसचा संशय जास्त.

आणि एक गोष्ट कोणीच सांगत नाही, कॉन्टॅक्ट लेन्स! माझ्या भाच्याचा स्कॅन आदल्या रात्रीपर्यंत आरजीपी (कडक) लेन्स घालून केला, कोणी विचारलंच नाही. कडक लेन्सने कॉर्निया दाबून सपाट झालेला, सहा महिन्यांपूर्वीपेक्षा आकडे चक्क "सुधारलेले", आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. तीन आठवडे लेन्स बंद ठेवून परत काढला तर केमॅक्स (कॉर्नियाच्या सगळ्यात तीव्र वळणाचा आकडा, वाढला म्हणजे वाईट) २ डायॉप्टरने वर. पठ्ठ्या डोळे चोळायचा थांबत नाही, त्याने हे अजून बिघडतं, ते वेगळंच.